चंपाषष्ठीच्या आधीचं भरीत

गुरुजी, परवा चंपाषष्ठी झाली. शाळेच्या पटांगणात यंदाही भरतासाठी काड्या पेटल्या नाहीत, आणि आता पुढेही पेटणार नाहीत. सोमवारपासून आपली शाळा बंद. उरलेली चार पोरं नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जाणार, आणि मीही त्यांच्याबरोबर तिकडेच. कागदावर याला 'समायोजन' म्हणतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली; हा शब्द तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, आणि माहीत करून घेण्यासारखा तो नाहीही.

आज शनिवार, सकाळची शाळा. पोरं घरी गेली आणि मी कपाट आवरायला बसले. आवरायचं काय, डोंबल! खडूचे तुकडे, फाटका नकाशा, पोळ्याला पोरांनी केलेले मातीचे दोन बैल, त्यातल्या एकाला शिंगं नाहीत. ते बैल हातात घेतले आणि मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, पोरांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. खिडकीतून कुणी पाहिलं असेल तर पाहू दे. पाहायला शाळेकडे येतं कोण हल्ली?

तुमच्या वेळी कोण येत नव्हतं ते सांगा. आखाजीच्या सणाला पटांगणातल्या लिंबाला झोका बांधायचा तर दोराची पारख असलेला माणूस तुम्ही शेतातून उठवून आणायचात. पोळ्याला सजवलेले बैल आधी शाळेपुढून जायचे, मग मारुतीपुढे. भुलाबाईच्या दिवसांत सासरहून आलेल्या पोरीबाळी आम्हाला गाणी शिकवायच्या, आणि डब्यात खाऊ काय आहे ते ओळखताना तुम्ही मुद्दाम चुकायचात. या सगळ्यांवर कडी म्हणजे चंपाषष्ठीचं भरीत. चातुर्मास लागला की गावात वांग्याला कुणी हात लावायचं नाही. चंपाषष्ठीला देवापुढे भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की मगच वांगं घरात शिजायचं, आणि नैवेद्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव शाळेत जेवायचं. प्रत्येक पोराने घरून एकच वांगं आणायचं. ज्याच्या शेतात नाही त्याने शेजाऱ्याकडून मागून आणायचं. ती सगळी हिरवी, पोरांच्या डोक्याएवढाली वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर एकदम पडायची. पुरुष मोठ्या लाकडी डोणीत ठेचायला बसायचे, बायका तीन चुलींवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या, आणि मीठ घालायचा मान अक्कांचा. गावात त्यांचा शब्द तेव्हाही मोठा होता, आणि आज तर सगळ्यात वडीलधारी बाई त्याच.

चौथीतली गोष्ट तुम्हाला आठवते का? मला आठवते, कारण मार बसला असता तर विसरले असते. आमच्या वांग्याचा तोरा काय होता! वडिलांनी निवडून दिलेलं, देखणं. ते दुसऱ्या कुणाच्या पानात जाणार म्हणून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी बाभळीच्या काट्याने देठाजवळ फुली काढली. तुम्ही ते पाहिलंत. आगीपाशी उकिडवे बसला होतात, धुराने डोळे लाल झालेले. म्हणालात, "खूण केलीस? बरं. आता भाजून झालं की शोध." मी खरंच शोधत बसले. सगळी वांगी काळी ठिक्कर, सालं फुटलेली. पोरं खिदळायला लागली, माझे कान तापले. मग तुम्ही वाढायची पळी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सगळ्यांना वाढ. शेवटी तू बस." तुमचा आवाज चढला नव्हता. शिंदखेड्याकडचे तुम्ही, रागावलात की तिकडची बोली तोंडात यायची, पण त्या दिवशी तीही आली नाही. मी सगळ्यात शेवटी जेवले, अक्कांच्या शेजारी बसून. त्या म्हणाल्या, "गोड लागनं का आते?" मी मान हलवली. लागलं होतं गोड.

मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही निवृत्त झाला होतात, खोकला मागे लागला होता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव मिळालं म्हणून मी तोंड पाडून बसले होते. तुम्ही आत गेलात आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेली कोरी वही आणून दिलीत. पहिल्या पानावर तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'घरोघर जा. चहा घे. कुणाला काय येतं ते विचार. मग लिही.' मी त्या गावात तसं केलं. कोण बासरी वाजवतो, कोण टोपल्या विणते, कुणाला जंगलातल्या भाज्या ओळखता येतात, सगळं लिहिलं. त्यांची भाषा मला धड येत नव्हती, तरी दोन वर्षांत ते गाव माझ्या शाळेत येऊन बसायला लागलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं. कळवू कळवू म्हणताना तुम्ही गेलात, आणि मी त्या डोंगरात असल्यामुळे तुमच्या दहाव्यालाही पोचले नाही.

मग कितीतरी वर्षांनी बदली होऊन मी माझ्याच गावच्या, तुमच्याच शाळेत मुख्याध्यापिका होऊन आले. राहायला धरणगावात, रोज स्कूटीवर येणं-जाणं. इथे मात्र वही केली नाही. माझंच गाव, मला काय कुणाला विचारायचं! हा माज होता गुरुजी, दुसरा शब्द नाही त्याला. पहिली तीन वर्षं भरीत होत राहिलं, ते तुमच्या पुण्याईवर. मी नुसती 'या' म्हणायचे आणि लोक यायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे येतात.

चौथ्या वर्षी भाद्रपदात वरून साहेब येणार असं कळलं. 'लोकसहभागातून उपक्रम' पाहायचा होता आणि फोटो लगेच मोबाइलवरून वर पाठवायचे होते. माझ्या डोक्यात भरीत शिरलं. आपल्या शाळेची शान तीच. धरणगावच्या बाजारातून वांगी आणली, बारा महिने मिळतात आता. घरोघरी निरोप धाडले. बायका आल्या, काड्यांचे भारे आले. अक्का काठी टेकत आल्या, वांग्यांचा ढीग पाहून जागीच थबकल्या. "माय, आते वांगं? चंपाषष्टी बाकी शे ना अजून."

मी घाईत होते. साहेबांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन नुकताच आला होता. मी काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, "खायचंय कुणाला अक्का? फोटोपुरतं भाजायचं."

सगळ्या बायकांनी ऐकलं. आपल्या गावची लेक आहे, साहेबांपुढे तिची फजिती नको, म्हणून त्यांनी काड्या पेटवल्या, वांगी भाजली, ठेचली. अक्कांनी मीठसुद्धा घातलं, पण कसं, तर तोंड फिरवून. साहेब आले, हार झाला, फोटो झाले. मी ताट पुढे केलं तर ते हात जोडून म्हणाले, "नाही हो मॅडम, मी चातुर्मास पाळतो." आता बोला! ज्याच्यासाठी गावाचा नेम मोडायला निघाले, तो स्वतः नेमाचा निघाला. पोरांनीही खाल्लं नाही, घरून ताकीद होती. गाडी गेल्यावर डोणीभर भरीत तसंच पडलेलं. माश्या घोंगावायला लागल्या. मी बादल्या भरून ते शाळेमागच्या खड्ड्यात ओतायला लावलं, आणि बायका भाकरीच्या पराती धूत असताना ते बघत होत्या.

आपल्या शाळेला प्रमाणपत्र मिळालं. चौकटीत घालून मी ते कार्यालयात लावलं. तीन महिन्यांनी चंपाषष्ठी आली, पोरांना सांगितलं, उद्या एकेक वांगं आणा. एकाही पोराने आणलं नाही. अक्कांच्या नातसुनेला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "आजी म्हनस, फोटो ते निघी गया ना, आते काय?" तेव्हाच मी अक्कांच्या ओट्यावर जाऊन पाय धरायला हवे होते. तुम्ही असता तर मला कान धरून नेलं असतंत. मी काय केलं? रुसले. म्हटलं, नसेल यायचं तर नका येऊ, मला काय गरज पडलीये! आणि पुढच्या वर्षी निरोपच धाडला नाही.

भरीत बंद झालं म्हणून शाळा ओस पडली असं मी म्हणत नाही. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गल्लीत यायला लागली, टाय लावलेली पोरं तिच्यात चढायला लागली, हे सगळीकडेच चाललंय. पण तुमच्या काळात कुणी पोराला मामाच्या गावच्या शाळेत घालायचं म्हटलं तरी तुम्ही संध्याकाळी त्याच्या ओट्यावर हजर व्हायचात. मी एकाही ओट्यावर गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? रस्त्यात आया भेटल्या की आम्ही हसायचो, "बरं शे ना बाई?" "बरंय", की संपलं. माझ्या गावात मी 'माय' होते, 'पोरी' होते. हळूहळू नुसती 'बाई' झाले. पट तिसाचा वीस झाला, मग नऊ, मग चार.

आता खरी गोष्ट सांगते. इतकं लांबण लावलं ते ही सांगायला जीभ उचलत नाही म्हणून. शाळा आपोआप बंद झाली नाही, गुरुजी. दिवाळीची सुट्टी संपता संपता पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, पालक आणि ग्रामस्थांची सभा बोलवा, शाळा इथेच ठेवावी असं त्यांचं म्हणणं असेल तर तसा ठराव सह्यांनिशी आठ दिवसांत पाठवा. म्हणजे गावाने एकमुखाने 'बंद नको' म्हटलं असतं तर निदान हे वर्ष तरी निभावलं असतं, कदाचित पुढचंही. मी ते पत्र पर्समध्ये घालून आठ दिवस फिरवलं. रोज वाटायचं, आज निरोप द्यावा. रोज डोळ्यापुढे यायचं, सतरंजी अंथरलीय, मी खुर्चीवर बसलेय, आणि कुणी आलेलंच नाही. ते बघायची हिंमत माझ्यात नव्हती. आठव्या दिवशी मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'सभा बोलावण्यात आली. ग्रामस्थ उपस्थित राहिले नाहीत.' खाली सही केली. तुम्हीच वळण लावलेलं अक्षर माझं. ओळ कशी सरळ आली होती!

काल अक्का शाळेत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कमरेत पार वाकल्यात, नातसुनेचा हात धरून आल्या. पायरीवर बसल्या, श्वास घेतला, आणि वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माय, शाळा बंद व्हयी ऱ्हायनी आन् आमले इचारं का नही?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"आमनं तुनं काही बी आसो. शाळा आमनी शे ना? तू नुसती हाक मारती, बठ्ठं गाव उनं आसतं."

एका हाकेला सगळं गाव आलं असतं, हे सांगताना त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा वर्षांनी मला 'माय' म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "वरूनच ठरलं अक्का. आपल्या हातात काही नव्हतं." त्यांनी मान हलवली. "तुना बी इलाज नही मंग," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. माझी समजूत काढली त्यांनी, गुरुजी! मी गावावर ढकललं ते गावाला ठाऊक नाही. उद्या कुणी माहिती मागवली तर कागदावर हेच निघेल, की गावालाच शाळा नको होती. पोरांची पोरं तेच वाचतील.

आज दुपारी ठरवून त्यांच्या घरी गेले होते. म्हटलं, सांगून टाकू, शिव्या घालू देत, थुंकू देत तोंडावर. त्यांनी चहा ठेवायला लावला, कसं चाललंय विचारलं, नव्या शाळेत तुला त्रास तर नाही ना होणार, असंही विचारलं. मी चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला आणि परत आले. मग ही पानं काढून बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या घरी आता कुणी नाही, तुमची मुलं नाशकात. सोमवारी जाताना ते फाडेन बहुतेक.

तुम्हालाच का लिहिलं, तेही सांगून टाकते. तुमच्यावरच्या भक्तीने नव्हे. तुम्ही उठून अक्कांना सांगायला जाणार नाही, एवढी खात्री होती म्हणून. तुम्ही हयात असतात, तर तुम्हालाही मी "वरूनच ठरलं" असंच सांगितलं असतं.