भोपळ्याला कोणतं इन्सुलिन?

९ जानेवारी, सोमवार

मधुमेह! भोपळ्याला! मांजराला मधुमेह होतो हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं. महिनाभर घटाघटा पाणी पितोय, आणि मी आपली समजत होते, हवा कोरडी आहे म्हणून. स्वतःची समजूत घालायला माणसाला काहीही पुरतं.

डॉक्टरीण पोरसवदा आहे, मला काकू म्हणते. "रोज दोन वेळा टोचायचं, सकाळ-संध्याकाळ. चुकवायचं नाही." मी म्हटलं, एकदाच टोचून भागेल असं नाही का एखादं? "माणसांचं भागतं काकू. मांजर इन्सुलिन भराभर संपवून टाकतं." सध्या दुधट रंगाचं दिलंय. बाटली हलवायची नाही, तळव्यांत घोळवायची. एक युनिट. एवढासा थेंब!

दादाला फोन केला. भोपळ्या मूळचा त्याचाच. बावन्नाव्या वर्षी स्वारीने लग्न केलं, वहिनीला मांजराच्या केसांनी शिंका येतात, म्हणून भोपळ्या इथे राहिला. मी कशामुळे राहिले ते कोणी बोललं नाही. दादा म्हणतो, "अगं, म्हातारं मांजर ते. किती करायचं त्याचं?" किती करायचं! इतकी वर्षं माझ्या हातचा डबा नेत होता तेव्हा नाही पडला हा प्रश्न.

फोन ठेवल्यावर रडले थोडी. भोपळ्या गेला तर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं कोणी नाही. खरं तेच लिहिते.

१० जानेवारी

टोचलं. त्याने मान वळवूनही बघितलं नाही. ओरडले मीच.

२१ जानेवारी, शनिवार

साखरेचे आकडे वेड्यासारखे. संध्याकाळी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढते, मशीनवर ठेवते — परवा साडेतीनशे, काल सत्तर, आज पुन्हा चारशेला टेकलेले. औषध तेच, हात तोच, खाणं तेच!

डॉक्टरीण विचारते, "सुई नीट भरता ना काकू?" अगं बाई, आयुष्य गेलं लॉन्ड्रीच्या काउंटरवर, हजारो कपड्यांना चिठ्ठ्या टाचल्या, एकाचा सदरा दुसऱ्याला गेला नाही कधी. मला सुईचं विचारतेस?

असं तोंडावर म्हटलं नाही. "नीट बघते," म्हटलं.

२९ जानेवारी, रविवार

एक गंमत लक्षात आली. रविवारी आकडे शहाण्यासारखे वागतात. मागच्या रविवारीही. सोमवार उजाडला की बिघडलंच.

रविवारी मी घरी असते. दिवसभर मांडीवर असतो लबाड. इतर दिवशी मागच्या खिडकीतून गावभर उंडारतो. म्हणजे मी घरात असले की याची साखर उतरते? वेडेपणा आहे, कळतंय मला. पण दिवसभर बरं वाटलं. कोणाला तरी माझ्या असण्याने फरक पडतोय!

४ फेब्रुवारी, शनिवार

इन्सुलिन बदलायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी दोन बाटल्या समोर ठेवल्या. एक खास जनावरांसाठीचं — त्याची ताकद वेगळी, सुया वेगळ्या, माणसांच्या सुईने भरलं तर माप चुकणार. दुसरं माणसांचंच, पाण्यासारखं स्वच्छ, हळूहळू उतरणारं. "मंद आचेवर ठेवल्यासारखं," म्हणाली. "आधीचं एकदम भडकतं आणि विझतं. मांजरांना हे मानवतं. लवकर धरलं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा."

सुटतं? आधी का नाही सांगितलं! स्वच्छवालं घेतलं. साड्या घेताना इतका विचार केला नव्हता कधी. घरी येऊन बाटली फ्रिजच्या दारात ठेवली आणि उगाच दोनदा दार उघडून बघितली.

७ फेब्रुवारी

नवीन सुरू. लॉन्ड्रीचा मालक कुरकुरतो. संध्याकाळी लवकर निघते ना! "मांजरासाठी रोज घाई? उद्या कोणी गोगलगाय आजारी आहे म्हणून रजा मागेल!" हसले सगळे. मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

१५ फेब्रुवारी, बुधवार

अक्षर बघ कसं आलंय.

संध्याकाळी आले तर भोपळ्या मागच्या पायरीवर. उभा राहायला जातोय आणि मागचे पाय फाकतायत. डोळे उघडे, पण मला बघत नव्हता. मशीनवर आकडाच येईना, नुसतं "लो". हिरड्यांना मध चोळला. बोटाला चावला — चाव बाबा, चाव! गाडी बोलावली, टॉवेलात गुंडाळला, वाटभर त्याच्याशी बोलत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाळ आहे का?" मी हो म्हटलं.

दवाखान्यात ठेवून घेतलाय. "साखर फारच खाली गेली होती काकू. किती दिलंत तुम्ही?" एक युनिट गं बाई. एकच.

घरी आले. त्याची वाटी घासून पालथी घातली. मग परत सुलटी केली. पालथी बघवेना.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिथे दोन दिवस तेच इन्सुलिन, तेवढंच, आणि आकडे सरळ रेषेत! डॉक्टरीणबाईंनी तिथले आकडे दोनदा तपासले. मग विचारलं, "घरी तुमच्याशिवाय कोण टोचतं याला?"

"माझ्या घरी माझ्याशिवाय कोणीच नाही."

तिने भोपळ्याचा उजवा कान उजेडात धरला. कडेला बारीक टोचल्याच्या खुणा. मी उजव्या हाताची, मी कायम डाव्या कानाला टोचते.

मला काय वाटावं? राग यायला हवा होता. आधी वाटला तो मत्सर. हा माझ्याशिवाय आणखी कोणाच्या हातात शांत बसतो!

१८ फेब्रुवारी, शनिवार

भोपळ्याला कालच घरी आणलं. आज रजा टाकली. मालक काही बोलायच्या आत फोन ठेवला.

जेवणं उरकायच्या सुमारास स्वारी निघाली. मी मागोमाग. खिडकी त्याला जमते, मला सगळा वळसा. भिंतीच्या कडेने, मागच्या गल्लीत, टोकाच्या शेडमध्ये गेला शेपूट उंच करून, जसा काही भाडं भरतो. आत लाकडाचा भुसा, रंधा, अर्धवट खुर्ची. एक म्हातारा सुतार, चष्मा कपाळावर, भोपळ्याला गुडघ्यांत धरलेला आणि हातात — सुई!

"थांबा!" एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडची कुत्री भुंकायला लागली.

"कोण तुम्ही? साहेबांना घाबरवताय कशाला?"

साहेब! माझ्या भोपळ्याला!

"माझं मांजर आहे ते!"

"तुमचं? मग इतके दिवस होतात कुठे? पाणी पिऊन पिऊन मरायला टेकलं होतं. मी नेलं डॉक्टरकडे." चोराच्या उलट्या बोंबा! पण चोर बिचारा पांढरा पडला होता. दुसरा कोणी डॉक्टर, तेच जुनं दुधट औषध, दुपारी एकदा, अधूनमधून कान टोचून तपासणी. आणि वर दिवसभर कोरडी बिस्किटं! "रविवारी येत नाहीत. मला वाटायचं साहेब सुट्टी घेतात."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा दोन्हीकडे हादडत होता आणि दोन्हीकडे टोचून घेत होता. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने!

मी सांगितलं, बुधवारी जवळजवळ गेला होता. सुताराने सुई टोपणात घालून बाजूला ठेवली. बराच वेळ भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मी मारला असता त्याला," म्हणाला. मला भांडायचं होतं. सगळं भांडण पाठ करून गेले होते. त्याऐवजी एक स्टूल पुढे ओढलं.

मग स्टुलावर समोरासमोर बसून ठरवलं. औषध एकच, स्वच्छवालं. बिस्किटं बंद, उकडलेलं चिकन. सकाळी मी टोचणार, संध्याकाळी ते. मी कामावरून येताना शेडमधून भोपळ्याला न्यायचं.

२६ फेब्रुवारी

आज शेडमध्ये चहा घेतला. कपात भुसा होता. काढून टाकून प्यायले.

१८ मार्च, शनिवार

आकडे सुंदर! डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन अर्ध्यावर आणलं.

सुतार फार बोलत नाहीत, पण टोमणे बरोबर मारतात. "साहेब, बाई आल्या, नीट बसा." बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली म्हणे. मुलगी फोन करते, "पण ती बोलते लवकर लवकर." मी म्हटलं, माझा दादाही तसाच.

लॉन्ड्रीतली पोरगी आज म्हणाली, मावशी, हल्ली केस विंचरून येता. मी काय आधी झिंज्या सोडून येत होते?

९ एप्रिल, रविवार

बंद! इन्सुलिन बंद! डॉक्टरीण म्हणाली, "महिन्यातून दोनदा तपासा, खाणं सांभाळा. आता टोचायचं नाही." मी तिचे दोन्ही हात धरले. धावतच शेडवर गेले.

सुतार हसले, साहेबांना सलाम ठोकला. मग रंधा उचलला आणि खाली ठेवला.

"मग आता... संध्याकाळचं यायचं कारण नाही तुम्हाला."

"नाही," मी म्हणाले.

नाही! कोणी म्हणायला सांगितलं होतं? तोंडात दुसरा शब्द नव्हता? भोपळ्याला काखेत मारून चालू लागले. जगातली सगळ्यात आनंदाची बातमी, आणि कुलूप उघडताना डोळ्यांना काही दिसेना.

१३ एप्रिल, गुरुवार

कामावरून सरळ घरी. भोपळ्या ठणठणीत. पडदे धुतले, कपाट आवरलं. दादाला फोन केला, तो बाहेर जायच्या घाईत होता.

शेडवर जायला कारण हवं. मोडकी खुर्चीसुद्धा नाही घरात! एक पाय हलवून बघितला, पक्का आहे मेला.

१७ एप्रिल, सोमवार

बेल वाजली. सुतार दारात, धुतलेला शर्ट, हातात औषधांच्या दुकानातली पिशवी. आत येईनात.

"मलाच आहे. दोन वर्षं गोळ्यांवर काढली, आज डॉक्टरांनी हे लिहून दिलं. साहेबांना टोचताना काही वाटलं नाही. स्वतःला टोचायला हात उचलत नाही, बाई."

पिशवी घेतली. खोका उजेडात धरून नीट वाचला.

"सकाळचं की रात्रीचं?"

"दोन्ही वेळचं," म्हणाले.