शाळेत माझ्याशी बोलू नका

बाबा, आज शाळेच्या जिन्यात तुमची नात माझ्यासमोरून गेली आणि तिनं मला ओळख दाखवली नाही. सहावीत आहे ती, मी शिकवते त्याच शाळेत, अलिबागला. मैत्रिणी बरोबर होत्या. मी पुढे निघून जाईपर्यंत ती सूचनाफलक वाचत उभी राहिली, आणि फलकावर कालचीच सूचना होती. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलंच होतं, "आई, शाळेत माझ्याशी बोलू नकोस ना, प्लीज." मी मोठ्या तोऱ्यात "चालेल" म्हटलं. पण आठवडासुद्धा सोसवलं नाही मला. आता ऑफ तास आहे, शिक्षकखोलीत दुसरं कुणी नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. काय म्हणावं मला!

पाचवीत मी तुमच्या हायस्कुलात आले तेव्हा काय ऐट होती माझी! "घंटा माझे बाबा देतात," हे अख्ख्या वर्गाला सांगून झालं होतं. गणिताच्या तासाला पोरं माझ्या विनवण्या करायची, सांग ना त्यांना, जरा लवकर वाजवा. मग सहावीत काय झालं कोण जाणे. उंची वाढली, कपाळावर पुटकुळ्या आल्या आणि जो तो आपल्याकडेच बघतोय असं वाटायला लागलं. त्यात एकदा मधल्या सुट्टीत तुम्ही हातात झाडू घेऊन व्हरांड्यातून हाक मारलीत, "बाय, डबा खाल्लास का गो?" वर्ग फिदीफिदी हसला. पुढे आठवडाभर पोरं नाकातून तेच, "डबा खाल्लास का गो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आई चुलीपाशी बोंबील भाजतेय, तुम्ही पाय धुऊन पाटावर बसताय. मी म्हणते, "शाळेत माझ्याशी बोलू नका." आई कालथा उगारते, "शिंगं फुटली का गो तुला? बापाची लाज वाटते?" तुम्ही तिला हातानंच थांबवता. माझ्याकडे बघता. "बरं. न्हाय बोलत." आणि जेवायला लागता. तुम्ही ओरडला असतात ना, तर मी रडले असते आणि तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तुम्ही शब्द पाळलात! सकाळी घरापासून सुरूच्या बनापर्यंत आपण बडबडत चालायचो, आणि शाळेचं फाटक दिसलं की तुम्ही झपाझप पुढे निघून जायचात. सगळ्या वर्गाला माहीत होतं मी कुणाची ते. तरी हे नाटक मला हवं होतं.

मग तो दिवस. भूगोलाचा तास, मी फळ्यावर नकाशा काढत होते. तुम्ही दारात आलात, हातात नोटीसवही. हेडमास्तरांची सूचना वर्गावर्गांतून फिरवणं हे तुमचं कामच, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. बाईंनी वही वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि सूचना मोठ्यानं वाचलीच नाही. माझ्या अगदी पाठीला लागून चालत त्यांनी मला ग्रंथालयाच्या खोलीत नेलं. मला पहिल्यांदा पाळी आली होती आणि मला पत्ताच नव्हता. बाई कपडा आणायला गेल्या. त्यांच्या हातातली वही तिथेच टेबलावर राहिली होती. त्यात तुमचं वाकडंतिकडं अक्षर, "बाई, फळ्याजवळच्या मुलीला बाहेर न्या. मागे डाग आहे. पोरं बघतील." फळ्याजवळच्या मुलीला! माझ्या मुलीला, असं तिथेही लिहिलं नाहीत.

वहीत तुम्ही स्वतः लिहिल्याचं हेडमास्तरांना कळलं. त्याच वर्षी बदलून आलेले ते, त्यांना आपलं नातं ठाऊक नव्हतं. व्हरांड्यात तुमचा उद्धार चालला होता, "नोटीसवहीत लिहायचा अधिकार तुला कुणी दिला? शिपायानं शिपायासारखं राहायचं!" तुम्ही म्हणालात, "चुकलं, साहेब." माझी पोर हाय ती, एवढं बोलला असतात तर ते वरमले असते. तुम्ही बोलला नाहीत, आणि दाराआड मी मूग गिळून बसले. घरी गेल्यावरही तो विषय मी काढला नाही.

या वयात मुलांना आईबापांपेक्षा मैत्रिणी जवळच्या वाटतात, मनाला लावून घेऊ नका, असं मी पालकसभेत दुसऱ्यांच्या आयांना समजावते. त्या माना डोलावतात. आणि घरी मी एकटी जेवते, कारण मुलगी ताट घेऊन खोलीत जाते आणि हे मुंबईहून शनिवारी येतात. तुम्हालाही असंच व्हायचं का हो? आईजवळ तरी कधी बोललात का? हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता कुठून आणू, म्हणून एक गोष्ट बिनधास्त लिहून टाकते.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी डी.एड. करत होते. आई तापानं पडलेली, म्हणजे निरोप समारंभाला घरचं असं मी एकटीच. तुम्ही जन्मात एकदाच मागितलंत, "येशील ना गो?" संध्याकाळी घरी येऊन मी एसटी चुकल्याचं सांगितलं. तुम्ही शालीची घडी घालत म्हणालात, "गाड्यांचं काय खरं हाय." बाबा, एसटी चुकली नव्हती. मी वेळेवर पोचले होते. मंडपात माझ्या शाळेच्या वर्गातली सगळी पोरं बसलेली दिसली आणि माझे पाय फाटकातच अडले. माइकवरून दोनदा विचारलं, "यांच्या घरचं कुणी आलंय का?" तुम्ही मान वळवून फाटकाकडे पाहिलंत, आणि मी भिंतीआड झाले.