विसावं ताट

मंगळवार, २७ जानेवारी. संध्याकाळ.

ताटांचं मनातून जात नाही.

दुसरीतली छबी दिवाळीत तापाने गेली. तिचं नाव मी हजेरीतून काढलं नाही. ते धरून पट वीस होतो. एकाने कमी झाला तर शाळा बंद, आणि लेकरं जंगलाच्या रस्त्याने हिंगणीला पायी. मुख्याध्यापिका म्हणून दुसरं काय करणार होते? रोज तिचं नाव न उच्चारता हजर मांडते.

आज हजेरी घेताना ओघात ते नाव तोंडातून निघून गेलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "हजर, बाई."

कुणी हसलं नाही. कोण बोललं, मी विचारलं. चौथीतली प्राची वहीतून मान वर न करता म्हणाली, "छबीच तं. तुमी तिचं नाव घेत नाई, म्हणून ती बोलत नाई."

चेष्टाच असेल. पोरं करतात. तरी दुपारी खिचडी शिजवणाऱ्या कांताबाईंना सहज विचारलं, ताटं किती लागतात?

"वाढते एकोणीस, बाई. धुवाले वीस येतात. मले वाटलं, तुमी जेवून राह्यल्या."

मी तर घरून डबा नेते.

उद्या केंद्रप्रमुख पट तपासायला येणार. एकेक नाव मोठ्याने घेतील. हजेरी घरी आणली, लाल पेनही काढलं, पण नाव खोडवलं नाही. ते विसावं ताट रोज कोण उष्टं करतं?

भीती वाटते, पण खरी भीती वेगळीच आहे. उद्या मागच्या रांगेतून उत्तर आलं, तर मला हायसं वाटेल.