हाका मारू नकोस

रॉस,

रात्रपाळी करून झोपलायस, म्हणून उठवत नाही. पॅनकेक ओव्हनमध्ये झाकून ठेवलेत. पोरांचं खाऊन झालंय.

कोल्बीचा तो बंदुकांचा गेम मी काल चिडून काढून घेतला. तुझ्या ट्रकमध्ये सीटमागे टाकलाय. झालं असं, संध्याकाळी जूनी सापडेना. हाका मारून माझा घसा बसला. शेवटी तळघरातली अडगळीची खोली आतून बंद दिसली, ती किल्लीने उघडली. अंधारात बसली होती, तोंडावर दोन्ही हात दाबून. म्हणाली, "कोल्बीने सांगितलंय, आईचा आवाज आला तरी उघडायचं नाही. ती आई नसेल."

मी कोल्बीला फैलावर घेतलं. हेच शिकवतो ना तुझा गेम, म्हटलं. तर तो शांतपणे म्हणाला, "गेममध्ये मेलेले परत उठतात, आई. हे शाळेतलं आहे. बंदूकवाला आला तर काय करायचं, त्याचा सराव असतो. बाई दिवे घालवतात. दाराबाहेर ओळखीचं कुणी रडलं तरी उघडायचं नाही. जूनी आता आमच्या शाळेत येणार. तिला गप्प बसता येत नाही, म्हणून शिकवतोय."

मी तळघरातला दिवा लावला आणि दोघांना वर घेऊन आले.

गेम त्याला परत दे. आणि उठल्यावर पोरं दिसली नाहीत, तर हाका मारू नकोस. किल्ली फ्रिजवर आहे. किल्लीने उघडतो तोच आपला, एवढं त्यांना पटतं.

आत्ता निघताना जूनीला हाक मारली. हूं नाही की चूं नाही. शिकली ती.

मार्नी