बस क्रमांक १४ व हॅदरबी येथील घर यांविषयी

मी, उमाकांत विनायक टिपणीस, वय वर्षे ऐंशी, मूळचा अलिबागचा, नंतर एकोणपन्नास वर्षे इंग्लंडातील हॅदरबी गावचा आणि सध्या मुलाच्या घरी, ओलाया, रियाध येथे मुक्कामी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आमचे स्नेही डॉ. गुरुनाथ सामंत यांनी मला आजचा वार, आजची तारीख आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांचे नाव विचारून तशी खात्री करून घेतली. पहिली दोन उत्तरे मी तत्काळ दिली. तिसऱ्यासाठी आजचे वर्तमानपत्र मागितले. डॉक्टरांनी हे सावधपणाचे लक्षण मानले.

ह्या दस्तऐवजाची इंग्रजी प्रत वकिलाकडून करून घेतली आहे. दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास वकील बदलावा.

कलम १. सन २०१९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यातील एक कलम मात्र येथे उतरवून ठेवतो, कारण घरातील अलीकडचा अबोला त्यातूनच उद्भवला: “माझ्या वंशजांपैकी जो कोणी ब्रिटनमधील कोणत्याही राजकीय पक्षातर्फे मत मागेल, अथवा अशा पक्षाच्या सभेत टाळी वाजवील, त्यास हॅदरबीच्या घराची किल्लीदेखील मिळू नये.”

हे कलम मी रागाच्या भरात लिहिले नव्हते. तो राग आठ वर्षे मुरलेला होता. त्याची हकिगत अशी.

कलम २. मी हॅदरबीच्या बस डेपोत वेळापत्रके तयार करीत असे. चौदा क्रमांकाची बस आमच्या दारासमोरच्या थांब्यावरून सकाळी सात बेचाळीसला निघून नदीवरील जुन्या पुलापर्यंत जाई. माझी पत्नी कै. सरिता पुलापलीकडच्या रुग्णालयात परिचारिका होती. ती ह्याच बसने जात असे. सन २०११ मध्ये ही बस बंद झाली. थांबा मात्र राहिला. थांब्यावरचा बाकही राहिला. मी त्याच वर्षी निवृत्त झालो, म्हणून बाकावर बसू लागलो.

पुढील प्रत्येक निवडणुकीत एकेक पक्ष त्या बाकापाशी आला. पक्षांची नावे लिहून मी कागद वाया घालवीत नाही. आल्याच्या क्रमाने त्यांना एक ते चार असे क्रमांक देतो. प्रत्येकाने मला मध्ये बसवून छायाचित्र काढले आणि त्याखाली “बस क्रमांक १४ परत आणू” असे छापले. चार पत्रकांत चार पक्ष आहेत व मफलर एकच आहे.

पक्ष क्रमांक एकचा उमेदवार माझा हात हातात घेऊन म्हणाला, “बस नक्की येणार, मिस्टर टिपणीस.”

“किती वाजता?” मी विचारले.

तो मनमुराद हसला. मी विनोद केला नव्हता.

क्रमांक एक निवडून आला आणि आधीच्यांनी तिजोरी रिकामी केली असल्याचे त्याने सांगितले. क्रमांक दोन निवडून आला आणि त्याने समिती नेमली. समितीने चौदा महिने अभ्यास करून थांब्याला छत घालण्याची शिफारस केली. छत आले. उद्घाटनाला महापौर मोटारीने आले. क्रमांक तीन व चार यांनी ह्या छतावर कडाडून टीका केली; पाऊस पडत असल्याने ती त्यांनी छताखाली उभे राहून केली. त्यांची पत्रके मी लाल पेन्सिलीने शुद्ध करून ज्याची त्याला परत पाठवीत असे. आभाराचे एकही पत्र आले नाही.

मोठ्या सरकारचीही तीच तऱ्हा. एका वर्षात त्या देशाने तीन पंतप्रधान पाहिले. आमच्या डेपोत बसचालकदेखील इतक्या वेगाने बदलत नसत, आणि त्यांना निदान रस्ता ठाऊक असे.

कलम ३. सरिता गेल्यानंतर, सन २०१८ मध्ये माझा मुलगा यतीन मला येथे घेऊन आला. तो येथील एका बँकेत संगणकाचे काम पाहतो. माझा इकामा, म्हणजे येथील वास्तव्याचा परवाना, त्याच्या आधारावर आहे. अर्थात ज्या मुलाला मी चालायला शिकवले, तोच आता माझा कफील, म्हणजे सरकारदरबारी जामीनदार, आहे. त्याने ह्या अधिकाराचा कधीही गैरवापर केला नाही, अपवाद फक्त माझ्या चहातील साखरेचा.

येथील मेट्रोला चालक नाही, तरी ती वेळेवर येते. आणि त्यासाठी मी कोणालाही मत दिलेले नाही. “बाबा, हे वाक्य मृत्युपत्रात नको,” असे यतीन म्हणाला. “का?” विचारल्यावर “उगाच” म्हणाला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने ठेवले आहे.

सन २०२४ च्या निवडणुकीत टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर “यांपैकी कोणीही शब्द पाळलेला नाही” असे लिहून ती परत पाठविण्याचा माझा निर्धार होता. मतपत्रिका निकालानंतर नवव्या दिवशी येथे पोहोचली. निषेध करण्याचीही संधी वेळेवर मिळू नये, हे वेळापत्रकात आयुष्य घालविलेल्या माणसाला कसे वाटले असेल, ते समजून घ्यावे.

कलम ४. आता मूळ प्रश्न. माझी नात सुखदा, वय तेवीस, हॅदरबीच्या घरात राहून शिकते. गेल्या महिन्यात तिने तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीचे एक पत्रक मला व्हॉट्सॲपवर पाठविले. बाक तोच होता. बाकावर ती स्वतः होती. मफलर माझा होता. पक्ष क्रमांक चार. खाली तीच ओळ.

सूनबाई विभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काही करण्यापूर्वीच तिने अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “पोरगी निवडणुकीला उभी राहिली म्हणून तिला रस्त्यावर काढणार का हो तुम्ही?”

“कलम स्पष्ट आहे,” मी म्हणालो.

“कलम तुम्हीच लिहिलंय ना? मग खोडाही तुम्हीच.”

त्याच संध्याकाळी सुखदाचा फोन आला.

“आजोबा, लीफलेट वाचलंत?”

“दोनदा. बस सात चाळीसला नव्हती. सात बेचाळीसला होती.”

“सॉरी. करेक्ट करते. अजून काय?”

“ह्याच पक्षाने हेच वचन पूर्वी दिले होते. तुला ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. त्या लीफलेटवर तुम्हीच आहात.”

मी तिकडच्या पावसाची चौकशी केली. तेव्हा ती हळूच म्हणाली, “आजीने मला अकराचं सांगितलं होतं.”

येथे मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ती मी कोणत्याही मृत्युपत्रात पूर्वी लिहिलेली नाही. बस चालू ठेवण्यासाठी सकाळच्या फेरीला किमान बारा प्रवासी असावेत, असा नियम होता. मोजणीचे काम माझ्याकडे होते. मोजणीच्या दिवशी सरिता तापाने घरी झोपून होती. बसमध्ये अकरा प्रवासी होते. मी अकरा लिहिले आणि खाली सही केली. पुढील तीन वर्षे सरिता रुग्णालयात चालत जात असे. चाळीस मिनिटे जाताना, पंचेचाळीस येताना, कारण येताना चढ आहे. ती मला एकदाच म्हणाली, “तुमची बेरीज बरोबर होती हो.” मी मात्र त्या मोजणीपासून आजवर इतरांचीच पत्रके शुद्ध करीत राहिलो.

“आजोबा,” सुखदा म्हणाली, “एक माणूस कमी पडला म्हणून बस गेली. आता मला एक मत कमी पडलं तर?”

परदेशी राहणाऱ्यास तेथे केवळ संसदेसाठी मत देता येते, नगरपालिकेसाठी नाही, हे मी तिला सांगितले.

“मग या ना राहायला. घर तुमचंच आहे की.”

फोनचा खर्च वाढेल असे सांगून मी फोन ठेवला. व्हॉट्सॲपला खर्च नसतो, हे मला ठाऊक आहे.

कलम ५. सबब, हॅदरबीचे घर मी संपूर्णपणे सुखदाला देत आहे. ती जिंको अथवा हरो. यतीन व विभा यांना वरच्या मजल्यावरची खोली हयातभर वापरता येईल. सुखदाचा पक्ष बस आणील, ह्यावर माझा विश्वास नाही. हे वाक्य कोणीही गाळू नये.

मी ३ मार्चच्या विमानाने हॅदरबीस जात आहे. तेथे राहून मतदारयादीत नाव नोंदवीन आणि ७ मे रोजी मत देईन. यतीनने विचारले, “बाबा, कुठल्या पक्षाला मत देताय, कळतंय ना?”

“मी पक्षाला देत नाही. सुखदाला देतो.”

“मतपत्रिकेवर दोन्ही एकाच चौकटीत असतं.”

“मग फुली तिच्या नावाच्या बाजूला सरकवून काढीन.”

कलम ६. डेपोतील माझे थांबघड्याळ यतीनला द्यावे. लाल पेन्सिली सुखदाला द्याव्यात; तिच्या पक्षात त्यांची गरज आहे. माझी इंग्लंडची छत्री मला डॉ. गुरुनाथ यांना द्यायची होती, परंतु साक्षीदाराला काही देता येत नाही. त्यांच्या पत्नीला द्यावी, तर साक्षीदाराच्या पत्नीलाही देता येत नाही. रियाधमध्ये छत्रीवाचून डॉक्टरांचे फारसे अडणार नाही, अशी आशा आहे.

कलम ७. मला येथे मरण आल्यास यतीनला कागदपत्रांसाठी फार हेलपाटे पडतील. म्हणून मार्चपर्यंत न मरण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करीन. मरण कोठेही येवो, माझ्या अस्थी जुन्या पुलावरून नदीत सोडाव्यात. सरिताच्या तेथेच सोडल्या होत्या. अस्थी मोटारीने, टॅक्सीने किंवा कोणत्याही पक्षाच्या गाडीने नेऊ नयेत. त्या सकाळी सात बेचाळीसच्या चौदा क्रमांकाच्या बसने न्याव्यात आणि माझे तिकीट काढावे. त्या दिवशी मोजणी असल्यास मला मोजावे.

बस सुरू झालेली नसल्यास अस्थी थांब्यावरच्या बाकावर ठेवाव्यात. मी थांबेन. वर छत आहे.

(सही) उमाकांत विनायक टिपणीस
ओलाया, रियाध, शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारी २०२६

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली. सही करतेवेळी टिपणीसकाका पूर्ण शुद्धीवर होते व आमच्या नावांतील ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.

साक्षीदार १: (सही) डॉ. गुरुनाथ सामंत. छत्री नको आहे.
साक्षीदार २: (सही) प्रमोदिनी कर्णिक, शेजारीण. काका, तिकडे थंडी आहे, मफलर सुखदाकडून परत घ्या.