पहिल्या दिवसाचा डबा

सिस्टर, तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेचं फाटक उघडताना माझा हात आधी डोक्यावरची ओढणी सारखी करतो. तुम्ही बघाल म्हणून. हा आठवडाभर तर तुम्ही व्हरांड्याच्या टोकाला उभ्याच आहात असं वाटतंय, हात मागे बांधून, आणि एकच प्रश्न विचारताय: डोंगरातली मुलं कुठे आहेत? त्याचं उत्तर द्यायला आज लिहायला बसले.

नव्या मुख्याध्यापिका सिस्टर अजून रुजू व्हायच्या आहेत. तोवर कारभार माझ्याकडे आहे, म्हणजे त्या टेलरच्या मुलीकडे, ज्याने शिवलेल्या गणवेशांची काजं तुम्ही दर जूनमध्ये बोट घालून तपासायचात आणि अब्बा बिचारे चहा थंड होईपर्यंत उभे राहायचे. नव्या वर्षाची खबर पालकांना या वेळी मीच दिली. आता फाटकाशी सभा होत नाही. मोबाईलवर पालकांचा ग्रुप आहे, त्यात आवाजाचा निरोप टाकायचा, की डोंगरापर्यंत पोचतो. मी मोठ्या हौसेने बोलले. सोमवारी शाळा उघडणार, गणवेश तयार आहेत, स्वयंपाकघराचे पत्रे नवे टाकलेत. आणि पहिल्या दिवशीच्या डब्यात प्रत्येकाने हिरवी पालेभाजी आणायची, सगळ्यांनी व्हरांड्यात बसून एकमेकांची खायची, कुणाची सबब चालणार नाही. निरोप पाठवून मी स्वतःच तो दोनदा ऐकला, इतकी खूश होते. सोमवारी गावातली मुलं पालक, मेथी, शेपू घेऊन हजर झाली. डोंगरातून येणाऱ्या वसतिगृहाच्या मुलांची एकही जीप आली नाही.

मंगळवारीही नाही. मी दर तासाला काहीतरी काम काढून फाटकाशी जाते आणि अक्कलकुव्याच्या रस्त्याकडे बघते. गुजरातकडे जाणारे ट्रक जातात, आपली जीप नाही. खाटा मांडून ठेवल्यात, गाद्यांना ऊन दाखवून झालंय. खाटा रिकाम्या राहतात, वसतिगृह चालवून काय करायचं, असं बोलणं संस्थेच्या बैठकीत गेल्या वर्षीच झालं होतं. शिवाय आईबापांबरोबर पोर एकदा गुजरातेत मजुरीला गेलं की ते पुन्हा बाकावर बसेल याचा भरवसा नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. वर्गात पाढे म्हणून घेतानाही माझे कान रस्त्याकडे असतात.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटताच मी थेट अक्कलकुवा गाठलं. मीठ-मिरचीच्या दुकानापाशी आपल्या चौथीतल्या एका मुलीची आई भेटली. दरवर्षी ती लेकीला स्वतः आणून सोडते. मला बघून तिने पदर तोंडाशी नेला. मुलगी कुठे आहे, मी विचारलं.

"घर शे."

"बरी आहे ना?"

"चांगली शे, बाई." मग ती खाली बघून म्हणाली, "गावनी पूजा अजून व्हयनी नही. पूजा व्हस तोवर नवी हिरवी भाजी आम्ही खातस नही. तुम्ही सांगं, खावानीच. मंग पोरले कशी धाडू?"

मी म्हटलं, मला कळवायचं ना.

"कशी कळाडू? मोबाईलमा तुम्हीच बोलतस."

खरं होतं. सकाळची सुविचारांची फुलं आणि देवांचे फोटो येऊ नयेत म्हणून ग्रुपवर फक्त शाळेने बोलायचं, अशी सोय मीच करून ठेवली होती. सिस्टर, मला त्या बाजारात तोंड लपवायला जागा मिळेना.

कारण हे मला, मलाच, ठाऊक असायला हवं होतं. आठवतं ना, मी चौथीत आहे. रमजान चालू आहे आणि खिचडीच्या पंगतीत माझ्यापुढे ताट आलंय. रोजा आहे हे सांगायची हिंमत नाही आणि घास घ्यायचीही नाही. तुम्ही दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेता. मी रडायच्या बेतात. तुम्ही ताटावर दुसरं ताट उपडं घालता, फडक्यात बांधता आणि लेकीला हाक मारावी तसं तुमच्या केरळी मराठीत म्हणता, "मोळे, हे तुझं. सूर्य गेला की खा." दुसऱ्या दिवशी अम्मीने ताट रिकामं कसं परत द्यायचं म्हणून त्यात खजूर घातले होते. तुम्ही ते आम्हा मुलींत वाटलेत, मला सोडून. माझा वाटा कागदात बांधून दिलात.

आणि शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या जूनमधली तुमची ती बोलणी. पालक कडुनिंबाखाली बसलेत, मी कागद हातात घेऊन घडाघडा सूचना वाचते आहे. तुम्ही सगळ्यांदेखत कागद काढून घेतलात. "तू पोस्टमन नाही. आधी त्यांची बातमी विचार, मग आपली सांग." मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल.

बाजारातून परतताना जीपमध्ये बसूनच मी ग्रुप सगळ्यांना बोलायला मोकळा केला आणि नवा निरोप टाकला. भाजीचं चुकलं, म्हटलं. घरात जे चालतं तेच डब्यात द्या. पण आधी तुमच्याकडची खबर सांगा. रात्रीपर्यंत फोन थांबेना. कुणाची बैलजोडी आजारी, कुणाचा म्हातारा वारला, कुणाची पेरणी अर्धी राहिलेली, कुणाला जुळं झालेलं. फुलंही आली, ढीगभर. पण मुलांना कधी पाठवतो, ते कुणीच बोललं नाही. रमजान नाही, तरी आज मी काळजीने रोजा धरला.

दुपारी पहिली जीप आली. मग दुसरी. ती चौथीतली मुलगी उतरली आणि पेटी खाली ठेवायच्या आधी तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. ज्वारीची भाकरी आणि घट्ट उडदाची डाळ, गेल्या साली पिकलेल्या उडदाची. "चालेल ना, बाई?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने भाकरी मोडून अर्धी मला दिली. माझा रोजा आहे गं, म्हटलं. तिने ती अर्धी भाकरी ताटलीत ठेवली, वर थोडी डाळ वाढली, दुसऱ्या ताटलीने झाकलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवलं. "दिवस बुडला की खा."

ती तुम्हाला कधी भेटलेली नाही, सिस्टर.

आता दिवस बुडलाय. भाकरी कडक झाली होती, पण डाळ चांगली होती. व्हरांड्यात पोरांचा गोंगाट चालू आहे आणि मी त्यांना गप्प करत नाहीये. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. स्वयंपाकघरात मी सगळ्यांना सांगितलं, मुलांसाठी रोजा धरला होता. ते खरंच आहे, पण अर्धंच. भीती मला तुमची होती. अजून दोन गावांच्या जीप यायच्या आहेत, म्हणून उद्याही धरणार आहे.