पोत्यातली वेणी

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही. आईला सांग.

आमच्या कारखान्यात कोंबड्यांची पिसं आणि सलूनमधले केस मोठ्या टाकीत भिजवून त्यात बॅक्टेरिया सोडतात. ही मंडळी सगळं फस्त करतात आणि त्याचं पातळ खत होतं. वास असा की बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही, ऐसपैस प्रवास होतो! भाचीला हे सांग, हसेल.

परवा केसांचं पोतं उपसताना एक अख्खी वेणी हाताला लागली, टोकाला रबर तसंच होतं. साहेब खेकसले, "टाक रे, बॅक्टेरियांना वेणी काय नि पीस काय!" पण माझा हात धजेना. ती माझ्या कपाटात आहे.

तुम्हा दोघींचा फोटो त्याच संध्याकाळी मिळाला. भाची उंच झाली. तू मात्र ऐन उकाड्यात डोक्याला रुमाल घट्ट बांधलायस. आईला विचारलं तर ती भलताच विषय काढते. फोनवर तूही हसून वेळ मारून नेतेस, म्हणून पत्र लिहितोय.

दिवसभर केसच बघतो गं मी. ताई, तुझ्या भुवया कुठे गेल्या?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा